शोधलेखावर चिकित्सक टिपण कसं लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किंवा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'दहा लेखांचं ॲनोटेशन (म्हणजे चिकित्सक टिपण) करून आणा' असं सांगतात आणि ते करायचं कसं हे सांगायचं राहून जातं. मग रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्न यायला लागतात. गेली काही वर्षं तेच तेच येतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच लेख घेतला आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'कास्ट्स इन इंडिया', म्हणजे 'भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास'. वीसेक पानांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि टिपण कसं लिहावं याचा नमुना त्या लेखातच दडलेला आहे (प्रश्न ४). प्रश्न क्रमाने वाचायची गरज नाही. अडलं असेल तिथे जा.

१. ॲनोटेशन म्हणजे सारांशच ना? लेखात काय आहे ते लिहिलं की झालं?

अर्धं झालं. लेखात काय आहे ते सारांश सांगतो. लेखकाने ते कशाच्या जोरावर म्हटलं, ते कितपत टिकतं आणि तुमच्या कामाला त्यातलं काय लागणार, हे चिकित्सक टिपणाने सांगायचं असतं. माझी कसोटी एकाच शब्दाची आहे: कशावरून? भाजीवाली म्हणाली, 'आज सकाळचीच मेथी आहे', तरी आपण जुडी उलटून देठ बघतोच. टिपणात देठ बघितल्याची खूण दिसली पाहिजे.

मराठीत 'टीका' हा शब्द दोन घरी नांदतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि अधिवेशनात विरोधक करतात तीही टीका. आपलं टिपण पहिल्या घरचं. मूळ मजकुराला धरून तो उलगडायचा, आणि जिथे उलगडत नाही तिथे तसं स्पष्ट लिहायचं.

२. किती शब्दांचं असावं? आमच्या विभागाने काहीच सांगितलेलं नाही.

१५० ते २५० शब्द पुरतात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग सारांशाने खाल्ला तर कात्री लावा. सूचना दिलेली असेल तर अर्थातच तीच पाळा.

३. लेख किती वेळा वाचायचा? मी पहिल्या पानापासून अधोरेखित करत जाते आणि शेवटी सगळंच पिवळं होतं.

होणारच. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नका. शीर्षक, पहिली दोन पानं आणि शेवट वाचा, मग सगळा लेख सलग. आंबेडकरांचा लेख या बाबतीत फार सोयीचा आहे, कारण शेवटी त्यांनीच आपलं म्हणणं चार मुद्द्यांत आवळून दिलं आहे: हिंदू समाज अनेक वंशांचा बनलेला असला तरी त्यात सांस्कृतिक एकता आहे, जात म्हणजे त्या मोठ्या एककाचे केलेले तुकडे, सुरुवातीला एकच जात होती, आणि अनुकरण व बहिष्कार यांतून वर्गांच्या जाती झाल्या.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि समासात तीनच अक्षरं लिहा. लेखक दावा करतो तिथे 'दा', पुरावा देतो तिथे 'पु', न सांगता धरून चालतो तिथे 'गृ', म्हणजे गृहीतक. रंग नकोत, तारे नकोत.

तिसऱ्या वाचनात लेख वाचूच नका, समास वाचा. ज्या 'दा'च्या आसपास 'पु' नाही तिथे थांबा. या लेखात माझी पेन्सिल थांबली ती अनुकरणाच्या भागात. आंबेडकर तिथे म्हणतात की ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा उचलल्या. त्यांहून दूरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह. आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह. आणि सर्वांत दूरच्यांनी नुसती जातीवरची श्रद्धा. किती नेटका उतार आहे बघा. पण समासात 'दा' लिहिल्यावर शेजारी लिहायला 'पु' सापडत नाही. कोणत्या जातीत कोणती प्रथा किती होती याचं कोष्टक लेखात नाही. चिकित्सक टिपणातलं सगळ्यात कामाचं वाक्य अशा जागी सापडतं.

४. 'चिकित्सक' म्हणजे चुका काढायच्या का? आणि बाबासाहेबांच्या लेखात मी कोण चुका काढणार?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याचा संकोच मला कळतो. उत्तर त्याच लेखात आहे.

९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा चर्चावर्ग. निबंध वाचणारा विद्यार्थी २५ वर्षांचा. सुरुवातीलाच तो जातीच्या चार व्याख्या समोर ठेवतो: फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड, सर हर्बर्ट रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जातिसंस्थेवरचा ग्रंथ १९०९ चा, म्हणजे अवघा सात वर्षं जुना. ही चार जणांवरची तपासणी म्हणजे चार चिकित्सक टिपणंच आहेत, आणि ती एका मापाची नाहीत.

सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. आंबेडकर म्हणतात, विटाळ हा पुरोहिती वळणातून येतो, तो जातीचा खास गुणधर्म नव्हे. नेसफील्ड रोटीव्यवहाराच्या बंदीला लक्षण मानतात, तर त्यांनी परिणामालाच कारण समजल्याचं आंबेडकर दाखवून देतात. गट बंद झाला म्हणून रोटीव्यवहार तुटला, उलटं नाही. रिस्ले यांना तर एका वाक्यात वाटेला लावलं आहे: खास दखल घ्यावी असा नवा मुद्दा यांच्याकडे नाही. आणि केतकरांपाशी ते रेंगाळतात. आधी कौतुक करतात की या अभ्यासकाने जातीकडे सुट्टी वस्तू म्हणून नव्हे, जातिव्यवस्थेचा भाग म्हणून पाहिलं. मग म्हणतात, व्याख्या एरवी स्वच्छ आहे, पण एका जागी विचाराची थोडी गफलत आहे. केतकर दोन लक्षणं सांगतात: सभासदत्व जन्मानेच मिळतं, आणि गटाबाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकर विचारतात, ही दोन कुठली? बाहेर लग्न बंद केलं की सभासद आतच जन्मणार. एकाच नाण्याच्या दोन बाजू झाल्या.

यात कुणाचा अपमान दिसतो का? मोठ्या माणसाचं म्हणणं तपासणं हा त्याचा आदरच असतो. रिस्लेंना एक ओळ आणि केतकरांना परिच्छेद, हे मापही लक्षात ठेवा. ज्या लेखाकडून जास्त शिकलात त्यालाच जास्त प्रश्न विचारा. आणि या विद्यार्थ्याने शेवटी स्वतःबद्दलही सांगून ठेवलं आहे की माझी मांडणी अंतिम आहे असं मी मानत नाही. तेव्हा संकोच सोडा.

५. एक नमुना दाखवा ना. वाचून कळतं, लिहायला बसलं की हात चालत नाही.

समजा तुमचा विषय 'विदर्भातील विधवाविवाहाचे जातवार नियम' असा आहे. मग टिपण असं होईल:

आंबेडकर, भीमराव रामजी. 'भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास' (मूळ इंग्रजी). इंडियन अँटिक्वेरी, खंड ४६, मे १९१७.

कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या या निबंधात लेखकाचा मुख्य दावा असा आहे की व्यवसाय किंवा विटाळ नव्हे, तर अंतर्विवाह (जातीच्या आतच विवाह) हे जातीचे मूळ लक्षण होय. गोत्रबाह्य विवाहाची रूढी असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला की गटातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांचा समतोल राखणे भाग पडते. पतीमागे उरलेली स्त्री व पत्नीमागे उरलेला पुरुष यांची 'सोय' लावण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा आल्या, असे ते मांडतात. प्रथम ब्राह्मण वर्ग बंद झाला व इतर वर्गांनी अनुकरण केले, या पुढील टप्प्यासाठी ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात. पहिल्या टप्प्याचा युक्तिवाद निगमनात्मक व भक्कम आहे. दुसऱ्या टप्प्यात प्रथांच्या जातवार प्रसाराची आकडेवारी नसल्याने तो तुलनेने सैल राहतो. अस्पृश्यतेचा उगम या लेखाच्या कक्षेत येत नाही. स्त्रियांवरील बंधने ही जातीची केवळ लक्षणे नसून ती टिकवणारी यंत्रणा आहेत, ही या लेखाची सर्वांत टिकाऊ देणगी होय. प्रस्तुत अभ्यासासाठी ही मांडणी पायाभूत आहे. मात्र पाट (विधवेचा पुनर्विवाह) लावण्याची रूढी असलेल्या जातींत अनुकरणाचा क्रम प्रत्यक्षात तसाच दिसतो का, हे स्थानिक पुराव्यावरून तपासावे लागेल.

आता हे टिपण फोडून बघा. दाव्याचं वाक्य दुसऱ्या नाही, पहिल्याच वाक्यात आलं. लेखकाचं चरित्र आलं नाही. 'भक्कम' आणि 'सैल' ही विशेषणं आली, पण सैल का ते त्याच वाक्यात आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं वाक्य. ते फक्त याच विद्यार्थ्याला लिहिता आलं असतं. 'पाट' हा शब्द लेखात नाही, तो विद्यार्थ्याच्या गावातून आला. तुमचं शेवटचं वाक्य शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या टिपणाला चिकटवलं तरी चालत असेल, तर ते पुन्हा लिहा.

६. नोंदीत खंड क्रमांक, महिना वगैरे इतकं काटेकोर कशाला? लेख तर सापडतोय.

याच लेखाची गंमत सांगते. अनेक संदर्भसूच्यांत याचा खंड ४१ असा दिलेला आढळतो. 'इंडियन अँटिक्वेरी' १८७२ मध्ये सुरू झालं आणि वर्षाला एक खंड निघायचा. बोटं मोजा: १८७२ चा पहिला, तर १९१२ चा ४१ वा आणि १९१७ चा ४६ वा. रोमन आकड्यांत एक अक्षर गळलं की ४६ चे ४१ होतात, आणि पुढचा प्रत्येक जण आधीच्याच्या सूचीवरून उतरवून घेतो. ग्रंथालयात बांधीव खंड मागायला गेलात आणि ४१ वा घेऊन बसलात तर लेख मिळणार नाही.

म्हणून नोंद नेहमी प्रत्यक्ष प्रतीवरून करा. पुनर्मुद्रणातून वाचलं असेल तर तसं लिहा. हा लेख महाराष्ट्र शासनाच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस' या मालेच्या १९७९ च्या पहिल्या खंडात आहे. तिथून वाचला असेल तर पृष्ठांक त्या खंडाचे द्या आणि मूळ प्रकाशनाचं वर्षही सांगा. नुसतं '१९७९' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की लेखक आणीबाणीनंतर लिहीत होते.

७. प्रत्येक वाक्य 'लेखक म्हणतात' ने संपतंय. दुसरं काय वापरू?

क्रियापद हीच निम्मी चिकित्सा असते, म्हणून याला वेळ द्या. पुरावा न देता सांगितलं तर लेखक 'म्हणतात' किंवा 'मानतात'. हातचं राखून सांगितलं तर 'सुचवतात'. रचून, पायरीपायरीने सांगितलं तर 'मांडतात'. पुराव्यानिशी सांगितलं तर 'दाखवून देतात'. न सांगताच चालले तर 'गृहीत धरतात'. दुसऱ्याचं नाकारलं तर 'फेटाळतात', थोडं घेऊन थोडं सोडलं तर 'मर्यादित करतात'. 'सिद्ध करतात' हे मात्र कुलपात ठेवा. समाजशास्त्रात तर ते वर्षातून एकदा काढलं तरी पुष्कळ.

वरच्या नमुन्यात अनुकरणाबद्दल 'आधार घेतात' लिहिलं आहे, 'दाखवून देतात' नाही. ते मुद्दाम.

८. लेखकाला 'ते' म्हणायचं की 'तो'? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही. आणि 'असं' लिहू की 'असे'?

मराठीत येतो, आणि त्यावरून परीक्षकाचं डोकंही फिरतं. नियम एकच: सगळ्यांना सारखं वागवा. एका परिच्छेदात 'आंबेडकर म्हणतात' आणि पुढच्यात 'नेसफील्ड म्हणतो' असं करू नका. परदेशी लेखकांना एकेरीत बोलवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. जिवंत-मृत, देशी-परदेशी, गाईड-विद्यार्थी, सर्वांना आदरार्थी अनेकवचन. आडनावाआधी 'डॉ.', 'प्रा.', 'मा.' लावत बसू नका. टिपण म्हणजे सत्कार समारंभाची पत्रिका नाही. स्त्री लेखिकांना फक्त पहिल्या नावाने संबोधणं तर पूर्ण बंद करा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांना 'श्रीनिवास' आणि शर्मिला रेगे यांना नुसतं 'शर्मिला', हे कसं चालेल? 'रेगे' लिहा.

'असं-केलं' की 'असे-केले': सादर करायच्या टिपणात लेखी रूप ठेवा, नमुन्यात ठेवलं आहे तसं. स्वतःच्या वहीत काहीही चालेल. मी हे पान बोलीत लिहिते आहे, कारण हे सादर करायचं नाही.

९. लेख इंग्रजी, टिपण मराठीत. पारिभाषिक शब्दांचं काय करू?

पहिल्यांदा शासनाच्या भाषा संचालनालयाचा त्या विषयाचा परिभाषा कोश बघा. तिथे शब्द असेल तर तोच घ्या, नवा पाडू नका. शब्द घेतला की टिपणात शेवटपर्यंत तोच.

एक सापळा मात्र सांगते. आंबेडकरांच्या लेखातल्या 'एण्डोगॅमी'ला बरेच विद्यार्थी 'सगोत्र विवाह' लिहितात. अर्थ अगदी उलटा होतो. जातीच्या आत लग्न तो अंतर्विवाह; गोत्राच्या बाहेर लग्न तो बहिर्विवाह. आपल्या घरांत दोन्ही एकाच वेळी पाळतात: मुलगी जातीतलीच हवी आणि गोत्र वेगळं हवं. लेखाचं मर्मच हे आहे की यातला दुसरा नियम जुना आणि पहिला त्यावर लादलेला. शब्द चुकला तर टिपणातला सगळा युक्तिवाद डोक्यावर उभा राहतो. शंका असेल तिथे 'एण्डोगॅमी' असंच देवनागरीत लिहून पहिल्यांदा एका वाक्यात अर्थ सांगा. त्याचं कोणी काही कापत नाही.

१०. माझा विषय सामाजिक आरोग्य आहे. आकड्यांच्या लेखाला हीच पद्धत लागते का?

'कशावरून?' तोच, फक्त तो पद्धतीच्या भागाला विचारायचा. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्यावरचा लेख डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बायांनी घरोघरी सेवा दिली, ४७ गावं तुलनेसाठी होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट मांडली गेली.

सगळे टिपणात ६२ लिहितात आणि थांबतात. तुम्ही पुढचं लिहा. कोणतं गाव कोणत्या गटात, हे कसं ठरवलं? सुरुवातीला दोन्ही गटांचा मृत्युदर सारखा होता का? मृत्यूची नोंद कोणी केली, आणि दोन्ही गटांत ती सारख्याच बारकाईने झाली का? घट कशाच्या तुलनेत मोजली, आधीच्या वर्षांच्या की दुसऱ्या गावांच्या? उत्तरं लेखाच्या पद्धतीच्या भागात आणि कोष्टकांत असतात, गोषवाऱ्यात सगळी नसतात. मग तुमचा प्रश्न: हे नंदुरबारला किंवा मुंबईतल्या वस्तीत चालेल का? गडचिरोलीत काय होतं जे तिथे नाही? सांख्यिकीची चाचणी स्वतः पडताळता आली नाही तरी एवढं विचारायला गणित लागत नाही.

११. गोषवारा वाचून टिपण लिहिलं तर कळतं का? आणि चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

दोन्ही कळतं. गोषवाऱ्यावरून लिहिलेल्या टिपणात लेखाच्या मधलं काहीच नसतं. एकही उदाहरण नाही, एकही पृष्ठांक नाही.

यंत्राचं वेगळं असतं. मागे एका विद्यार्थ्याच्या टिपणात आंबेडकरांच्या या लेखाबद्दल लिहिलं होतं की 'लेखकाने जनगणनेच्या विस्तृत आकडेवारीचे विश्लेषण केले आहे'. वाक्य झकास, ऐटबाज. पण लेखात असलं विश्लेषणच नाही. त्याच्या अभावावर तर आपली सगळी चिकित्सा उभी आहे (प्रश्न ३). मी त्याला एवढंच म्हटलं, कोष्टक कितव्या पानावर आहे ते दाखव. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. भाषा तपासून घ्यायला यंत्र वापरायचं तर विभागाचा नियम बघून वापरा, पण 'दा' आणि 'पु' तुमच्या पेन्सिलीचेच हवेत.

१२. मराठी नियतकालिकातला जुना लेख आहे. गोषवारा नाही, पद्धती नाही, संदर्भही जेमतेम. याचं चिकित्सक टिपण कसं होणार?

होतं, आणि मला अशी टिपणं वाचायला जास्त आवडतात. 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारख्या नियतकालिकांतले जुने लेख वैचारिक निबंधाच्या घाटात लिहिलेले असतात. त्यांना आजच्या शोधलेखाचा साचा लावून 'संशोधन पद्धतीचा अभाव' असा शेरा मारणं म्हणजे धोतराला खिसा नाही म्हणून तक्रार करणं. दावा शोधा, तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर एखाद्या लांबलचक वाक्यात असतो. पुरावा कोणत्या जातीचा आहे ते सांगा: स्वानुभव, ग्रंथातले उतारे, म्हणी, इतिहासातले दाखले. आणि लेखक कोणाशी वाद घालतो आहे ते ओळखा. नाव न घेता 'काही विद्वान' म्हटलेलं असतं. ते विद्वान कोण, हे शोधून काढलंत तर तुमचं टिपण लेखापेक्षा उपयोगी ठरेल.

१३. लेखकाने पुढे मत बदललं असेल तर? किंवा लेखच मागे घेतला गेला असेल तर?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मत पुढे गेलं असेल तर टिपण त्या लेखाचंच लिहा, पण एका वाक्यात वाट दाखवा. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर जे लिहिलं त्याचा रोख धर्मशास्त्रांच्या अधिकारावर आहे. १९१६ च्या निबंधात रोख यंत्रणेवर आहे. १९३६ चं म्हणणं १९१६ च्या लेखात वाचू नका. ही चूक फार होते. तसंच नंतरच्या लोकांनी लेखाचं काय केलं हेही सांगता येतं: एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याची, कल्पना मांडली, तिच्याशी या अनुकरणाची तुलना होते. आणि पुढे शर्मिला रेगे यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी हा लेख जात आणि लिंगभाव यांच्या चर्चेच्या मध्यभागी आणला.

लेख मागे घेतला असेल तर ते टिपणाच्या पहिल्याच ओळीत यायला हवं. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड यांचा लेख फेब्रुवारी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. त्यात फक्त १२ मुलं होती. फेब्रुवारी २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. तरी त्याची पीडीएफ अजून फिरते, आणि जुन्या प्रतीवर शिक्का नसतो. म्हणून लेख नेहमी नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर एकदा उघडून बघा.

१४. गाईडनी स्वतःचाच लेख यादीत दिला आहे. आता काय?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे आणि मीही यातून गेले आहे. माझ्या वेळी मी भीतीपोटी 'अत्यंत मौलिक व मार्गदर्शक लेख' असं लिहून दिलं. सरांनी तांबड्या शाईने शेजारी लिहिलं, 'कशावरून?' हा शब्द मी तिथूनच उचलला.

सगळे गाईड असे नसतात हे मान्य. तेव्हा व्यवहाराचं सांगते: दोष म्हणून न लिहिता मर्यादा म्हणून लिहा, आणि ती लेखाच्या कक्षेतून काढा. 'नमुना फक्त एका तालुक्याचा आहे, त्यामुळे निष्कर्ष जिल्ह्याला लावण्याआधी आणखी काम लागेल' या वाक्यावर कोणी रागावत नाही, आणि ते 'आणखी काम' म्हणजे तुमचा प्रबंधच असतो.

१५. तीनदा वाचूनही लेख कळला नाही. टिपणात हे लिहू का?

'कळला नाही' असं नका लिहू, कुठे अडलं ते लिहा. 'लेखक दुसऱ्या भागातून तिसऱ्या भागात कसे गेले, ती पायरी स्पष्ट होत नाही' हे चिकित्सक वाक्य आहे. कधी कधी पायरी खरंच नसते, आणि आपण आपल्यालाच मठ्ठ समजून बसतो. लेख सगळाच डोक्यावरून गेला तर आधी त्याच विषयावरचा सोपा लेख किंवा मराठी विश्वकोशातली नोंद वाचा आणि महिनाभराने परत या.

१६. टिपणात लेखातली वाक्यं जशीच्या तशी आली तर साम्य तपासणीत अडकेन का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं व संदर्भसूची मोजणीतून वगळलेली आहेत. पण टिपणात अवतरण एकच, तेही छोटं, पृष्ठांकासकट. इंग्रजी वाक्याचा शब्दशः मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर घालू नका. सॉफ्टवेअरला तो सापडेलच असं नाही. परीक्षकाला सापडतो, कारण ते मराठी मराठीसारखं वाचलं जात नाही.

१७. पन्नास टिपणं झाली. आता प्रबंधात ती एकाखाली एक चिकटवू का?

नको. पूर्वसाहित्याच्या प्रकरणात 'अमुक यांनी म्हटले, तमुक यांनी म्हटले' अशी रांग लागते ती अशाने. टिपणांची शेवटची वाक्यं तेवढी वेगळ्या कागदावर काढा, म्हणजे 'तपासावे लागेल', 'सैल राहतो', 'कक्षेत येत नाही' असली सगळी. ती गटागटाने लावा. एकाच गोष्टीकडे बोट दाखवणारी पाच-सहा वाक्यं एकत्र येतील, आणि तिथे तुमच्या प्रकरणाचा एक उपविभाग तयार होतो. मी हे अजूनही कागदी चिठ्ठ्यांवर करते, चटईवर पसरून. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टॅग लावून केलं तरी चालतं. पंखा बंद करावा लागत नाही.